दुव्यांची पत

वधूपित्यास एखाद्या स्थळाची चौकशी करावयाची असली, तर तो मुलाच्या बापाकडे जाऊन "तुमचा मुलगा कसा आहे?" असें विचारीत नाहीं. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, मुलाच्या शिक्षकांना विचारतो, कचेरींतल्या वरिष्ठांना विचारतो. आणि त्यांतही काय सांगितलें यापेक्षां सांगणारा कोण आहे याकडे त्याचें लक्ष अधिक असतें. देवघेवीचा संबंध असलेला मनुष्य स्तुति करूं लागला कीं त्या स्तुतींतून तो मनांतल्या मनांत आठ आणे वजा करतो, आणि दलालाची स्तुति तर जमेसच धरीत नाहीं. इंटरनेटवरील शोधयंत्रें गेलीं पंचवीस-तीस वर्षें जें करीत आलीं आहेत, तें बव्हंशीं हेंच होय. कोणी चार शब्द लिहून विचारिलें कीं अब्जावधि पानांतून दहा पानें निवडावयाचीं आणि तीं क्रमानें पुढें ठेवावयाचीं. व तो क्रम लावतांना, त्या पानाकडे दुसऱ्या कोणकोणत्या पानांनीं बोट दाखविलें आहे हें पाहावयाचें. या बोट दाखविण्यासच दुवा म्हणतात. पहिल्या क्रमांकाच्या दुकानांत गिऱ्हाइकांची रीघ लागते आणि पन्नासाव्याकडे कोणी फिरकत नाहीं. म्हणून दुव्याला पैशाचें मोल आलें, आणि मोल येतांच त्यांत खोट्याची भेसळ सुरू झाली.

या विद्येचा पाया संगणकाच्या जन्मापूर्वींच घातला गेला, आणि तो घातला गेला वकिलांच्या गरजेपायीं. अमेरिकेंत मागील निवाड्यांच्या आधारें पुढील निवाडे होतात. एखादा जुना निवाडा न्यायाधीशापुढें ठेवावयाचा, तर तो पुढें कोणत्या न्यायालयानें मानला, कोणी त्यावर टीका केली, कोणी तो फिरविला, हें वकिलास ठाऊक असावें लागतें. १८७३ सालीं इलिनॉय संस्थानांत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें अशा उल्लेखांच्या याद्या डिंक लावलेल्या पट्ट्यांवर छापून विकावयास आरंभ केला. वकिलानें पट्टी फाडावी आणि आपल्या ग्रंथांत त्या त्या निवाड्याच्या समासांत चिकटवावी. पुढें या पट्ट्यांचे जाडजूड ग्रंथ झाले, आणि त्यांत उल्लेखापुढें एकेक सांकेतिक अक्षर छापलें जाऊं लागलें. निवाडा अनुसरला असेल तर एक अक्षर, त्यावर टीका केली असेल तर दुसरें, तो रद्द ठरविला असेल तर तिसरें. ज्या निवाड्याचा शंभर वेळां उल्लेख झाला, पण शंभरही वेळां तो चुकीचा म्हणूनच झाला, तो निवाडा घेऊन उभा राहणाऱ्या वकिलाची काय गत होईल हें सांगावयास नको. उल्लेख मोजण्याबरोबर त्यांची जातही पाहावी लागते, हें शेपर्डच्या संपादकांना पुरतें उमगलें होतें. इंटरनेटवाल्यांना तोच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

वकिलांची ही रीत शास्त्रज्ञांकडे आली. १९२७ सालीं ग्रॉस आडनांवाच्या दोघां लेखकांनीं 'सायन्स' साप्ताहिकांत एक लहानसा लेख लिहिला. लहान कॉलेजांच्या ग्रंथालयांनीं तुटपुंज्या पैशांत रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावींत, असा प्रश्न होता. त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ सालचा एक खंड घेतला, आणि त्यांतील लेखांनीं कोणत्या नियतकालिकाचा किती वेळां आधार घेतला हें मोजलें. ज्याचा उल्लेख अधिक तें आधीं घ्यावें, इतका साधा हिशेब. पुढें युजीन गार्फील्ड या ग्रंथसूचीकाराला शेपर्ड कंपनीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यानें पत्र लिहून आपल्या धंद्याची रीत कळविली. त्यावरून गार्फील्डनें १९५५ सालीं शास्त्रीय लेखांच्या उल्लेखसूचीची योजना मांडली आणि १९६४ सालापासून ती सूची रीतसर प्रसिद्ध होऊं लागली. १९७६ सालीं पिन्स्की व नारिन या दोघांनीं आणखी एक पाऊल टाकलें. सर्व उल्लेख सारख्या वजनाचे धरूं नयेत. ज्या नियतकालिकाची स्वतःची प्रतिष्ठा मोठी, त्यानें केलेला उल्लेख जड मानावा, असें त्यांनीं गणितानें मांडून दाखविलें. वधूपिता जें नकळत करतो, तेंच हें.

आतां महाजालाकडे वळावयाचें. टिम बर्नर्स-ली यानें १९८९ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेंत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९१ सालीं ती जगाला खुली झाली. तिच्यांतील दुवा एका बाबतींत फार निराळा होता. तो एकाच दिशेनें जाणारा होता. हायपरटेक्स्ट हा शब्द ज्यानें १९६५ सालीं प्रचारांत आणिला त्या टेड नेल्सनच्या मनांत दुहेरी दुवे होते. म्हणजे ज्याच्याकडे दुवा जाईल त्यालाही त्याची खबर असावी. बर्नर्स-लीनें ही अट काढून टाकली. कोणींही, कोणाची परवानगी न घेतां, कोणत्याही पानाकडे दुवा द्यावा. वेब इतकी झपाट्यानें पसरली त्याचें हें एक मोठें कारण. पण त्यामुळेंच असें झालें कीं आपल्याकडे कोण बोट दाखवीत आहे हें खुद्द पानालाही कळेनासें झालें. तें कळावयाचें तर सारें जाल पालथें घालून प्रत्येक पानावरील प्रत्येक दुवा टिपून घ्यावा लागणार.

आरंभींचीं शोधयंत्रें या भानगडींत फारशीं पडत नसत. डिसेंबर १९९५ मध्यें निघालेलें आल्टाव्हिस्टा हें त्यांतलें नांवाजलेलें. तें मुख्यतः शब्दांवर चाले. विचारलेला शब्द पानांत किती वेळां व कोठें आला आहे, हें पाहून क्रम लावी. अर्थात् दुकानदारांनीं लगेच युक्ति काढली. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेंकडों वेळां लिहावा. माणसाला तो दिसूं नये, यंत्राला मात्र दिसावा. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशीं पानें पहिल्या रांगेंत येऊन बसूं लागलीं. पान स्वतःविषयीं जें बोलतें त्यावर विसंबून राहण्याचा हा परिणाम. यंत्रांची दशा किती वाईट होती याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९९७ मध्यें चार आघाडीच्या व्यापारी शोधयंत्रांना त्यांचींच नांवें विचारलीं, तेव्हां पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचें पान दाखवूं शकणारें यंत्र चौघांत एकच निघालें!

दुवे मोजण्याची कल्पना त्या सुमारास एकाच वेळीं अनेकांच्या डोक्यांत आली. १९९६ सालीं रॉबिन ली या चिनी तरुणानें अमेरिकेंत नोकरी करीत असतां रँकडेक्स नांवाचें यंत्र बनविलें. तें दुव्यांवरून क्रम लावी. पुढें २००० सालीं यानेंच बायडू ही कंपनी स्थापन केली. कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन क्लाइनबर्गनें पानांच्या दोन जाती पाडल्या. एक जात अधिकारी पानांची व दुसरी वाटाड्या पानांची. मोटारी बनविणाऱ्या कंपन्या आपल्या पानावर "मोटार बनविणारे" असे शब्द लिहीत नाहींत, आणि प्रतिस्पर्ध्याकडे दुवाही देत नाहींत. परंतु मोटारींचा कोणी शौकीन त्या सर्वांची यादी करून ठेवतो. चांगला वाटाड्या तो, जो चांगल्या अधिकाऱ्यांकडे नेतो; आणि चांगला अधिकारी तो, ज्याच्याकडे चांगले वाटाडे नेतात. ही कल्पना तितकीच सुंदर होती, पण प्रत्येक प्रश्नाच्या वेळीं नवें गणित करावें लागे, म्हणून ती मागें पडली.

बाजी मारली ती स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेइ ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं. पेजनें १९९६ सालीं जालावरील दुवे उलट बाजूनें गोळा करावयास आरंभ केला; त्या प्रयोगाचें नांव बॅकरब. एप्रिल १९९८ मध्यें ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें भरलेल्या परिषदेंत दोघांनीं गूगलची रचना मांडली, तेव्हां त्यांच्याजवळ सुमारें २ कोटि ४० लक्ष पानें आणि ५१ कोटि ८० लक्ष दुवे जमा झाले होते. त्यांच्या रीतीचें सविस्तर विवेचन करणाऱ्या निबंधाच्या लेखकांत राजीव मोटवानी हें हिंदी नांव आहे. जम्मूस जन्मलेले व कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले हे गणिती स्टॅनफर्डला प्राध्यापक होते. २००९ सालीं ते अकालीं वारले. त्या निबंधाच्या मथळ्यांतच उल्लेख या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. म्हणजे गार्फील्डचें ऋण त्यांनीं लपविलें नाहीं.

रीत थोडक्यांत अशी. एक वाटसरू जालावर निरुद्देश भटकत आहे अशी कल्पना करावी. ज्या पानावर तो असेल त्यावरील कोणताही एक दुवा धरून तो पुढें जातो. शंभरांतून सुमारें पंच्याऐंशीं वेळां तो असें करतो. उरलेल्या पंधरा वेळां कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अनंत काळ भटकत राहिला, तर ज्या पानावर तो अधिक वेळां आढळेल त्याची पत मोठी. यांतून दुव्याविषयीं दोन नियम आपोआप निघतात. थोर पानानें दिलेला दुवा किरकोळ पानाच्या दुव्याहून जड. आणि तेंच थोर पान जर शंभर ठिकाणीं दुवे वांटीत सुटलें, तर प्रत्येकाच्या वांट्यास शंभरावा भागच यावयाचा. जो सर्वांनाच शिफारसपत्रें देतो त्याच्या शिफारशीला कोण विचारतो? येथें एक अडचण दिसेल. या पानाची पत त्या पानाच्या पतीवर, आणि त्याची पुन्हा याच्यावर, तर आरंभ कोठून करावयाचा? उत्तर असें कीं आरंभ कोठूनही करावा. सर्वांना सारखी पत देऊन हिशेब फिरवीत राहावा, म्हणजे कांहीं फेऱ्यांनीं आंकडे स्थिर होतात. ३२ कोटि २० लक्ष दुव्यांचा हिशेब ५२ फेऱ्यांत स्थिर झाला, असें त्यांनीं नमूद केलें आहे.

याच्या जोडीला त्यांनीं दुसरी एक गोष्ट घेतली, आणि पुढील बरेचसे तंटे तिच्यांतून उद्भवले. दुवा हा कांहीं शब्दांना जोडलेला असतो. वाचक त्या शब्दांना स्पर्श करतो आणि पुढच्या पानावर जातो. हे शब्द दुवा देणाऱ्याचे असतात, आणि ते पुष्कळदां त्या पानाचें वर्णन खुद्द पानाहून चांगलें करतात. म्हणून गूगलनें ते शब्द ज्या पानाकडे दुवा जातो त्याच्या खात्यावर मांडले. उपयोग मोठा झाला. चित्रांनाही, ज्यांत वाचण्याजोगें कांहींच नाहीं त्यांनाही, दुसऱ्यांनीं दिलेल्या नांवावरून शोधतां येऊं लागलें. पण २००३ सालच्या अखेरीस कांहीं थट्टेखोरांनीं संगनमत करून 'दारुण अपयश' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहून त्यांना अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारी चरित्राचा दुवा जोडला. थोड्याच दिवसांत ते शब्द विचारणारास पहिलें उत्तर म्हणून अध्यक्षांचें चरित्र मिळूं लागलें, आणि त्या चरित्रांत ते शब्द कोठेंच नव्हते. प्रतिपक्षानें मग त्याच शब्दांना माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचें पान जोडलें. गूगलनें आधीं या खेळाकडे कानाडोळा केला. जानेवारी २००७ मध्यें त्यावर गणितानेंच उपाय योजला.

थट्टेपेक्षां व्यापार अधिक चिवट असतो. डिसेंबर २००० मध्यें गूगलनें वाचकांच्या सोयीसाठीं एक पट्टी दिली होती. कोणतेंही पान उघडलें कीं तिच्यांत त्या पानाची पत शून्यापासून दहापर्यंतच्या आंकड्यांत दिसे. हेतु चांगला होता. पण फार मोठी चूक झाली असेंच म्हणावें लागेल. जी वस्तु आजवर अंदाजानें ओळखावी लागे तिच्यावर आतां जणूं किंमतीची चिठ्ठी लागली. सात आंकड्याच्या पानावरील दुवा अमुक डॉलर, पांचाच्या पानावरील तमुक डॉलर, असा बाजार उघड भरला. ऑक्लाहोमा संस्थानांतील सर्च किंग नांवाच्या कंपनीनें २००२ सालीं अशा दुव्यांची दलाली सुरू केली. थोड्याच दिवसांत तिची स्वतःची पत आठवरून चारवर उतरली. तिनें गूगलवर फिर्याद केली. आमची पत जाणूनबुजून उतरविली, आमचा धंदा बुडाला, असें तिचें म्हणणें. गूगलनें पत उतरविल्याचें नाकारलें नाहीं. १९०० सालापूर्वींच्या न्यायाधीशाला हें प्रकरण कसें दिसलें असतें कोण जाणे. परंतु २००३ सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं पानाची पत हें शोधयंत्राचें मत आहे, आणि मत बाळगण्याचें व बोलून दाखविण्याचें स्वातंत्र्य अमेरिकेच्या घटनेनें त्यास दिलें आहे. फिर्याद काढून टाकण्यांत आली. जगांतील यच्चयावत् दुकानांचें भवितव्य ज्या आंकड्यावर ठरूं लागलें होतें, तो आंकडा कायद्याच्या दृष्टीनें एका कंपनीचा अभिप्राय ठरला. निकाल कायद्यास धरून असेल, पण दुकानदाराला त्यांत आधार थोडाच.

दलालीच्या पलीकडेही नाना तऱ्हा निघाल्या. 'तूं माझ्याकडे दुवा दे, मी तुझ्याकडे देतों' ही सर्वांत जुनी. उंटाच्या लग्नांत गाढवानें गावें आणि दोघांनीं एकमेकांची वाखाणणी करावी, त्यांतलाच हा प्रकार. कोणी एकाच मालकीचीं शेंकडों संकेतस्थळें उघडून त्यांचें एकमेकांत जाळें विणलें. कोणी भेटी मोजणारा आंकडा फुकट वांटला. ज्यानें तो आपल्या पानावर लावला, त्याच्या नकळत त्या आंकड्याच्या पोटांत विक्रेत्याचा दुवा दडलेला असे. सर्वांत उपद्रवी ते, जे लोकांच्या पानांवर वाचकांच्या अभिप्रायासाठीं ठेविलेल्या मोकळ्या जागेंत यंत्राच्या साह्यानें हजारों दुवे चिकटवीत सुटले. दुसऱ्याच्या भिंतीवर रातोरात जाहिराती चिकटविणारांचे हे भाऊबंद.

शोधयंत्रांनीं मग दुव्यांच्या जाती लावावयास सुरुवात केली. घरच्याघरच्या शिफारशी ओळखण्याचा मार्ग कृष्ण भरत यांनीं जॉर्ज मिहाइला यांच्यासह दाखविला. भरत हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. त्यांच्या हिलटॉप या रीतींत, ज्या यंत्रांचे जालावरील पत्ते पहिल्या तीन आंकड्यांपर्यंत एकच आहेत तीं एकाच घरचीं समजावींत, आणि घरच्या मंडळींची साक्ष वेगवेगळी मोजूं नये, असा दंडक होता. २००४ सालीं गूगलनें मागितलेल्या व २०१० सालीं मिळालेल्या एका पेटंटांत त्या जुन्या भटक्या वाटसरूला थोडी अक्कल दिलेली दिसते. मजकुराच्या मध्यभागीं, ठळक अक्षरांत असलेला दुवा मनुष्य धरील असा संभव अधिक. पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत असलेला कोण पाहतो? म्हणून दोहोंचें वजन सारखें नको. संकेतस्थळाच्या स्वतःच्याच पानांना जोडणारे आंतले दुवे मात्र कधींच दोषार्ह मानले गेले नाहींत. घरांतल्या घरांत कोणती खोली महत्त्वाची हें मालकानें सांगावयाचें नाहीं तर कोणीं?

चिकटवेगिरीवर १८ जानेवारी २००५ रोजीं तोड निघाली. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्ध्यांनीं मिळून दुव्यावर लावण्याची एक खूण मान्य केली. तिचें नांव नोफॉलो. ही खूण असली कीं वाचक त्या दुव्यानें जाईल, पण यंत्रानें तो साक्षींत धरूं नये. शेपर्डच्या अक्षरांची येथें आठवण होते, पण एक फरक आहे. शेपर्डचें अक्षर तिऱ्हाईत संपादक लावी. ही खूण दुवा देणारानें स्वतः लावावयाची. विकत दिलेल्या दुव्यावर विक्रेत्यानें आपण होऊन "हा विकत दिलेला आहे" असें लिहावें, ही अपेक्षा म्हणजे जकातनाक्यावर चोरट्या मालाची आपण होऊन नोंद करण्याची अपेक्षा. सज्जनांनीं खूण लावली, आणि कित्येकांनीं तर गरजेपेक्षां जास्त लावली. जानेवारी २००७ मध्यें इंग्रजी विकिपीडियानें बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांना ती लावून टाकली. मराठी विकिपीडियावरील बाहेरच्या दुव्यांनाही तीच खूण असते. ज्ञानकोशांत दुवे घुसवूं पाहणारांचा त्रास त्याला कारण होता हें खरें, पण निवडून पाखडून दिलेले चांगले संदर्भही त्या दिवसापासून यंत्राच्या लेखीं मुके झाले.

दुर्जन आपल्या वाटेनें गेले. फेब्रुवारी २०११ मध्यें न्यूयॉर्क टाइम्सनें जे. सी. पेनी या अमेरिकेंतील मोठ्या दुकानाची कथा छापली. नाताळच्या हंगामांत कित्येक महिने पोषाख, अंथरुणें, गालिचे असा कोणताही शब्द विचारला तरी पहिलें नांव याच दुकानाचें येई. शोध घेतां आढळलें कीं हजारोंवर पानांनीं त्याच्याकडे नेमक्या त्याच शब्दांचे दुवे दिले आहेत. आणि तीं पानें अणु-अभियांत्रिकीपासून कुत्र्यांपर्यंत भलत्याच विषयांवरचीं. अणु-अभियांत्रिकीच्या पानानें स्त्रियांच्या पोषाखांची शिफारस करावी यांतच सारें आलें. आपणांस यांतील कांहीं ठाऊक नव्हतें असें दुकानानें सांगितलें, आणि हें काम पाहणाऱ्या कंपनीला काढून टाकलें. गूगलच्या माणसांनीं हातानें शिक्षा दिली. एका विशिष्ट प्रवासी पेटीच्या नांवानें शोधलें असतां संध्याकाळीं पहिल्या क्रमांकावर असलेलें दुकान दोन तासांत एकाहत्तराव्यावर गेलें. पुढच्याच वर्षीं, जानेवारी २०१२ मध्यें, गूगलच्याच क्रोम या न्याहाळकाच्या जाहिरातींत पैसे देऊन लिहविलेले लेख व त्यांत असा एक दुवा सांपडला. तेव्हां कंपनीनें स्वतःच्याच क्रोमच्या पानाला निदान साठ दिवसांची शिक्षा ठोठावली. न्यायाधीशानें स्वतःला दंड करावा हें दृश्य विरळा. त्याची नोंद केलीच पाहिजे.

परंतु हातानें किती जणांना शिक्षा करणार? २४ एप्रिल २०१२ रोजीं पेंग्विन नांवाचा गणिती बदल अंमलांत आला. इंग्रजींतील सुमारें ३.१ टक्के प्रश्नांच्या उत्तरांत त्यानें फरक पडला. आंकडा लहान दिसतो, पण त्यांतील प्रत्येक फरकाच्या मागें कोणाचें तरी दुकान होतें. आजवर खोटा दुवा पकडला गेला तर तो वजा होई, एवढेंच. आतां तो उलट अंगावर येऊं लागला. अनेक लहान धंदेवाल्यांनीं 'आम्ही तुम्हांला वर आणूं' म्हणणाऱ्या कोणास तरी वर्षापूर्वीं थोडे पैसे दिलेले होते. त्यानें काय केलें हें त्यांना ठाऊकही नव्हतें. त्यांचीं दुकानें एका रात्रींत दिसेनाशीं झालीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, तें असें. मग उलटी गंगा वाहूं लागली. जे दुवे मिळविण्यासाठीं पैसे मोजले होते, तेच काढून टाकावे म्हणून अनोळखी संकेतस्थळांना आर्जवाचीं पत्रें जाऊं लागलीं. दुवे काढून टाकण्याचेही पैसे मागणारे निघाले! आणि त्याहून भयंकर शंका लोकांच्या मनांत आली. दुवा देण्यास परवानगी लागत नाहीं हें बर्नर्स-लीचें मूळ तत्त्व. मग एखाद्या शत्रूनें आपल्या नांवें हजार वाईट दुवे विकत घेतले तर? शिफारस खोटी म्हणून शिक्षा शिफारस करणाराला व्हावी, कीं ज्याची केली त्याला? ऑक्टोबर २०१२ मध्यें गूगलनें एक सोय दिली. आपल्याकडे येणारे जे दुवे नकोत, त्यांची यादी करून पाठवावी. म्हणजे ते जमेस धरले जाणार नाहींत. मनुष्यानें सरकारदरबारीं जाऊन 'अमुक अमुक माझी स्तुति करतात, पण माझा त्यांच्याशीं संबंध नाहीं' असें प्रतिज्ञापत्र द्यावें, असाच हा प्रकार.

पेंग्विनचा हिशेब त्या काळीं क्वचित्च पुन्हा केला जाई. एकदां खालीं गेलेला दुकानदार चूक दुरुस्त करूनही पुढील फेरीची वाट पाहत बसे. २०१४ सालच्या ऑक्टोबरनंतर तर तशी फेरी येण्यास जवळजवळ दोन वर्षें लागलीं. सप्टेंबर २०१६ मध्यें ही पद्धत बदलली. पेंग्विन मूळ गणितांत सामील झाला, हिशेब सतत होऊं लागला, आणि वाईट दुव्यांबद्दल सबंध स्थळाला खालीं ओढण्याऐवजीं ते दुवे निर्जीव करण्यावर भर आला. वधूपित्याच्या जुन्या रीतीवरच गाडी परत आली. दलालाची स्तुति जमेस धरूं नये. पण दलाल बोलला म्हणून मुलाला फांसावर देऊं नये. हें चार वर्षें आधीं सुचतें तर कित्येकांचे संसार वांचते. पतीचा आंकडा दाखविणारी ती जुनी पट्टीही त्याच २०१६ सालीं बंद झाली.

सप्टेंबर २०१९ मध्यें नोफॉलोच्या एका खुणेच्या तीन खुणा झाल्या. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यास एक, वाचकांनीं आपल्या हातानें लिहिलेल्यास दुसरी, आणि ज्याची हमी घ्यावयाची नाहीं अशा इतर दुव्यांस जुनीच. शिवाय या खुणा यापुढें हुकूम नसून नुसती सूचना समजल्या जातील, मान्य करावयाची कीं नाहीं तें यंत्र ठरवील, असेंही गूगलनें जाहीर केलें. कारण उघड होतें. भीतीनें म्हणा, आळसानें म्हणा, मोठमोठ्या स्थळांनीं बाहेरच्या सर्वच दुव्यांना खूण लावून ठेविली होती, आणि खरी साक्ष देणारेच साक्षीदार गप्प झाले होते.

या सर्व खटाटोपांत दुव्यांचें एकंदर वजन मात्र घटत गेलें आहे. २०१६ सालीं गूगलच्या एका अधिकाऱ्यानें क्रम ठरविणाऱ्या गोष्टींत मजकूर आणि दुवे या पहिल्या दोन असल्याचें सांगितलें होतें. २०२३ सालीं दुसऱ्या अधिकाऱ्यानें दुवे आतां पहिल्या तिहींतही नाहींत असें सांगितलें. तरी धंदा थांबलेला नाहीं. त्यानें जागा बदलली. मार्च २०२४ मध्यें गूगलनें जे नवे नियम जाहीर केले, त्यांतील एकाचा रोख दुव्याकडे नसून पतीच्या पोटभाडेकरूंकडे आहे. नांवाजलेल्या वृत्तपत्रांनीं आपल्या संकेतस्थळाचा एखादा कोपरा सवलतीचे कूपन विकणाऱ्या तिऱ्हाइतांना वापरावयास द्यावा, आणि वर्षानुवर्षें मिळविलेल्या दुव्यांच्या बळावर त्या कूपनवाल्यानें पहिल्या रांगेंत बसावें, अशी ही व्यवस्था होती. त्या वर्षाच्या मे महिन्यापासून अशा कोपऱ्यांना यादींतून काढावयास सुरुवात झाली. आणि नोव्हेंबरांत नियम आणखी कडक करून, त्या कोपऱ्यावर वृत्तपत्राची देखरेख असली तरी सूट मिळणार नाहीं, असें ठरविण्यांत आलें.